काळप्रवासावरची डिस्टोपियन कादंबरी वाचून तुम्हाला काय वाटलं?

काळप्रवासाची अशी डिस्टोपियन, म्हणजे भविष्यातल्या बिघडलेल्या समाजाची, कादंबरी वाचून भीतीपेक्षा चीडच जास्त आली, इतरांनाही असं होतं का, असं तुम्ही विचारलंय. मला झालं. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांची १८९५ सालची ‘द टाइम मशीन’ वाचून मी चिडले होते, आणि ती चीड नेमकी कोणावर होती हे समजायला बराच वेळ लागला. पुढे सगळं कथानक उघड करतेय, वाचायची राहिली असेल तर आधी वाचून घ्या.

गोष्ट थोडक्यात अशी. एक संशोधक यंत्रावर बसून इसवी सन ८,०२,७०१ मध्ये पोहोचतो. त्याला पुस्तकभर नाव नाही, नुसता ‘काळप्रवासी’. तिथे जमिनीवर एलॉय राहतात: नाजूक, गोड, फळं खाऊन दिवसभर खेळणारे. जमिनीखाली मॉरलॉक राहतात: फिकट, उजेड न सोसणारे, यंत्रं चालवणारे. दोघेही माणसाचेच वंशज. अंधार पडला की मॉरलॉक वर येतात आणि एलॉयांना धरून नेऊन खातात.

मला पहिला धक्का मात्र मॉरलॉकांनी दिला नाही. वीना नावाची एक एलॉय मुलगी नदीत पेटका येऊन वाहून चाललेली असते. प्रवाह काही फार जोराचा नाही, बऱ्यापैकी पोहणाऱ्याला सहज जमावं असा. तिचेच लोक आजूबाजूला आहेत, ती त्यांच्या डोळ्यांदेखत क्षीण आवाजात रडतेय, आणि कोणी जागचं हलत नाही. त्यांच्या मनात दुष्टपणा नाही, घाबरलेलेही नाहीत. त्यांना काही वाटतच नाही. काळप्रवासी पाण्यात शिरून तिला बाहेर काढतो, हातपाय चोळून शुद्धीवर आणतो आणि वेल्स फार न रेंगाळता पुढे जातात. मी त्या पानावरून पुढे जाऊ शकत नव्हते.

कारण तोवर ते जग मला आवडायला लागलं होतं. काळप्रवासी आल्याआल्या अंदाज बांधतो की निसर्ग काबूत आला, रोगराई संपली, कष्ट संपले, म्हणून माणूस मऊ पडला. ते पटतं. मग खोल विहिरी दिसतात, खालून यंत्रांची धडधड ऐकू येते, आणि तो दुसरा अंदाज मांडतो: मालक वर राहिले, कामगार खाली ढकलले गेले. तेही पटतं. शेवटी कळतं की आता खालचे वरच्यांना गुरांसारखे पोसताहेत. दर वेळी आपण त्याच्याबरोबर फसतो, आणि खुणा तर पहिल्यापासून समोर असतात. वीनाला अंधाराची विलक्षण भीती आहे. एलॉय रात्री कधी एकटे झोपत नाहीत. म्हातारं माणूस एकही दिसत नाही. दुसऱ्यांदा वाचताना या साध्या वाक्यांनीच पोटात गोळा येतो.

आता चिडीबद्दल. वेल्स यांनी लहानपणी कापडाच्या दुकानात उमेदवारी केली होती. त्यांची आई ससेक्समधल्या अपपार्क या बड्या घरात नोकरांवर देखरेख करायची, आणि त्या घरात नोकरांची ये-जा भुयारांतून चाले. त्यामुळे वर कोण आणि खाली कोण, हे त्यांना पुस्तकांतून शिकावं लागलं नाही. काळप्रवासीही मॉरलॉकांचा उगम स्वतःच्याच लंडनमध्ये शोधतो: भुयारी रेल्वे, जमिनीखालचे कारखाने, ईस्ट एंड या गरीब वस्तीतले कामगार. मॉरलॉकांवर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झालाय हे पुस्तकात इतकं स्पष्ट आहे. तरीही वाचताना त्यांची शिसारी येते. ते थंड हात, ते मोठाले लालसर डोळे, सगळं अंगावर काटा आणणारं. पडक्या संग्रहालयातल्या एका यंत्राचा लोखंडी दांडा काळप्रवासी मोडून घेतो आणि एखाददुसरा मॉरलॉक ठार मारावा अशी आपल्याला फार इच्छा होती, असं उघड सांगतो. मलाही तो दांडा जोरात बसायला हवा होता.

मग जंगलातल्या वणव्याची रात्र येते. आगीच्या उजेडाने मॉरलॉक आंधळे झालेत, एकमेकांवर आदळताहेत, काही तर थेट ज्वाळांत शिरताहेत. काळप्रवासी सुरुवातीला त्यांना झोडपतो, एकाला मारतोही. पण त्यातला एक लाल आभाळाखाली झुडपापाशी चाचपडताना दिसतो, त्यांचं विव्हळणं कानावर येतं, आणि त्याचा हात थांबतो. माझी चीड तिथे उलटली. ज्यांना अंधारात कोंडलं त्यांचा मला तिटकारा, आणि बुडणाऱ्या मुलीकडे ढुंकूनही न पाहणाऱ्यांचा लळा, तोही केवळ ते गोंडस आहेत म्हणून! वाचकाला असं पकडणारी दुसरी कादंबरी मला सांगता येणार नाही.

शेवटचा टप्पा वेगळाच आहे. काळप्रवासी यंत्रावरून आणखी पुढे, ३ कोटी वर्षांनंतरच्या एका ओसाड समुद्रकिनाऱ्यावर पोहोचतो. सूर्य अवाढव्य आणि लाल दिसतोय, हवा गोठवणारी, माणसाचा मागमूस नाही. त्या काळी लॉर्ड केल्विनसारखे शास्त्रज्ञ सूर्य आकसत आकसत उष्णता देतो असं मानत, म्हणून त्याचं आयुष्य काही कोटी वर्षांचंच धरलं जाई. आज आपल्याला माहीत आहे की तो आणखी सुमारे ५०० कोटी वर्षं तळपणार आहे. आकडा चुकला म्हणून त्या किनाऱ्यावरचा एकटेपणा मला तसूभरही कमी वाटला नाही.

वीनाने काळप्रवाशाच्या खिशात ठेवलेल्या दोन पांढऱ्या फुलांवर निवेदक, म्हणजे काळप्रवाशाची हकिकत ऐकून आपल्याला सांगणारा त्याचा पाहुणा, शेवटी समाधान मानतो: बुद्धी आणि बळ गेलं तरी माणसात माया उरली होती, असं त्याचं म्हणणं. मला हे पुरेसं वाटत नाही. ज्या एकीला कोणीतरी वाचवलं, तिच्यात ती माया दिसते; इतरांत ती असल्याचा पुरावा पुस्तकात कुठेच नाही. म्हणून तुमची चीड एलॉयांवर असेल तर मी तुमच्या बाजूची आहे. मॉरलॉकांवर असेल तर वणव्याचं प्रकरण पुन्हा एकदा सावकाश वाचा आणि काय वाटलं ते मला नक्की कळवा.