टॅग, थ्रो-अप, पीस हे शब्द नेमके कशासाठी वापरतात? ग्राफिटी आणि स्ट्रीट आर्ट एकच का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावाचून पहिल्यातील शब्दांची संगती लागत नाही. माझ्या मते या दोन वेगळ्या परंपरा आहेत. स्ट्रीट आर्ट रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही कळावी अशा बेताने काढलेली असते. मुंबईत वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी 2014 मध्ये रंगवलेले दादासाहेब फाळके यांचे भव्य चित्र याच प्रकारात मोडते. ग्राफिटी मात्र प्रामुख्याने दुसऱ्या ग्राफिटीवाल्याने वाचावी म्हणून लिहिलेली असते, तिच्या केंद्रस्थानी चित्र नसून स्वतः घेतलेले टोपणनाव असते आणि म्हणूनच ही मंडळी स्वतःला 'रायटर' म्हणवून घेतात.

आपण विचारलेले शब्द 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेभोवती रुळले. त्याआधी फिलाडेल्फियात कॉर्नब्रेड नावाने एका तरुणाने शहरभर भिंती भरल्या होत्या. पण या प्रकाराचा खरा बोलबाला झाला तो 'टाकी 183' मुळे. टाकी हे ग्रीक वळणाचे लाडके नाव आणि 183 हा त्याच्या घराच्या रस्त्याचा क्रमांक. जुलै 1971 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याच्यावर बातमी छापली आणि मग नावापुढे आकडा लावणाऱ्या मुलांचे पेवच फुटले. मार्कर किंवा स्प्रेने एका झटक्यात केलेली अशी सही म्हणजे टॅग.

पुढचे शब्द समजून घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पकडले जाण्याआधी हाताशी किती वेळ आहे, यावर कामाचा प्रकार ठरतो. थ्रो-अप म्हणजे दोनचार फुगीर अक्षरे, बहुधा दोनच रंगांत, काही मिनिटांत उरकलेली. ही गोलमटोल अक्षरे फेज 2 या रायटरने घडवली असे मानले जाते. पीस हे 'मास्टरपीस'चे लघुरूप असून त्यात आधी वहीत बेतलेली अक्षरे, बाह्यरेषा, आतील रंगभरणी, पार्श्वभूमी हे सारे येते आणि त्याला कित्येक तास लागतात. पीसमधली अक्षरे एकमेकांत इतकी गुंतली की बाहेरच्याला वाचताच येऊ नयेत, तर तिला वाइल्डस्टाइल म्हणतात. थोड्या वेळात अधिकाधिक जागी नाव उमटवणे म्हणजे बॉम्बिंग.

रेल्वेचा डबा खिडक्यांसकट टोकापासून टोकापर्यंत आणि वरपासून खालपर्यंत रंगवला तर तो 'होल कार', आणि रायटरची खरी पत तिथे ठरत असे. छायाचित्रकार मार्था कूपर यांनी 1980 मध्ये डॉंडी या रायटरला यार्डात रात्री काम करताना टिपले आहे. शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या मधल्या बोळात तो एक पाय या गाडीला आणि दुसरा त्या गाडीला टेकवून उंचावर रंगवतो आहे. इतक्या अरुंद जागेत मागे सरून आपले अक्षर एकदा नीट पाहण्याचीही सोय नसते, तरीही रेषा सरळ उतरतात, याचे मला आजही नवल वाटते.

उरलेले शब्द मानापमानाचे आहेत. नवख्या किंवा कच्च्या हाताला 'टॉय' म्हणतात, ज्याचा दबदबा आहे तो 'किंग' आणि दुसऱ्याची शैली उचलणे म्हणजे 'बाइटिंग'. एखाद्याच्या टॅगवर थ्रो-अप किंवा थ्रो-अपवर पीस काढलेली खपवून घेतात. उलट चांगल्या पीसवर कोणी टॅग ओढला, तर ती उघड आगळीक ठरते आणि प्रकरण हातघाईवर येऊ शकते.

रेल्वे प्रशासनाने असे काम पुसून टाकण्याला 'बफ' म्हणतात. न्यूयॉर्कमधील कोनी आयलंडच्या यार्डात 1977 पासून डबे रसायनांनी धुतले जाऊ लागले, पुढे 1984 मध्ये रंगवलेली गाडी साफ केल्याशिवाय सेवेत सोडायचीच नाही असे धोरण आले आणि मे 1989 मध्ये अखेरचा रंगवलेला डबा मार्गावरून काढण्यात आला. आपले काम फिरणार नसेल तर ते रेल्वेवर करण्यात अर्थ नव्हता, त्यामुळे बरेच जण भिंतींकडे वळले.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील '5 पॉइंट्झ' ही कारखान्याची जुनी इमारत अशा कामाचे मोठे केंद्र होती आणि तिथे मालकाच्या संमतीने रंगवले जाई. काही भिंती दीर्घकाळ राखायच्या कामांसाठी, तर काही सतत बदलत्या कामांसाठी ठेवलेल्या असत. नोव्हेंबर 2013 मध्ये मालकाने रातोरात सगळ्यावर पांढरा रंग फासला. त्यावर 1990 च्या दृश्यकलाकारांच्या हक्कांविषयीच्या कायद्याखाली दावा झाला आणि 2018 मध्ये न्यायालयाने 21 कलाकारांना 45 कामांसाठी एकूण 67.5 लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. एखादे काम अल्पकाळच टिकणारे आहे, एवढ्या कारणावरून त्याचे कायदेशीर संरक्षण हिरावता येत नाही, असे सांगून अपिलाच्या न्यायालयाने 2020 मध्ये तो निकाल कायम केला.