नको असलेलं रीडिंग

प्रिय पोरी,

परवा दादरच्या पुलावर तू विचारलंस, "सर, आता 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या भाषणात, मी सी. व्ही. रामन यांच्यावर काय बोलू?" आणि माझी गाडी लागली म्हणून मी निघून गेलो. पुढची गाडी चार मिनिटांवर होती. थांबायला हवं होतं.

तू वाचलंस ते खरं आहे. 1933 साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन गेलेल्या कमला भागवत यांना, म्हणजे पुढच्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना, रामन यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला. कारण एकच, बाई. त्या हटून बसल्या तेव्हा घेतलं, तेही अटी घालून: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी नाही, आणि पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. रामन यांना नोबेल मिळून तेव्हा तीनच वर्षं झाली होती.

म्हणून भाषणच सोडतेस? अजिबात नाही. पहिल्या वर्षी जर्नलमध्ये एका रीडिंगवर तू व्हाइटनर लावला होतास. मी तो तुला नखाने खरवडायला लावला, तू रडवेली झालीस. आलेखात बसत नाही म्हणून रीडिंग झाकायचं नाही. रामन परिणाम, म्हणजे पदार्थातून विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलतो हा त्यांचा शोध, हे एक रीडिंग, कमलाबाईंवरच्या अटी हे दुसरं. त्यांचं काम पाहून रामन यांनी पुढे मुलींना घेतलं, पुढे हवामानशास्त्रज्ञ झालेल्या अन्ना मणी रामन यांच्याच प्रयोगशाळेत घडल्या, हे तिसरं. सगळी एकाच पानावर, पेनाने.

"काळच तसा होता" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. त्याच काळात कमलाबाईंचे वडील आणि काका, दोघेही रसायनशास्त्रज्ञ, मुलीच्या पाठीशी उभे होते. झाकू नकोस, एवढंच सांगतोय.

मी झाकलंय. आमच्या गाइडनी एका मुलीला संध्याकाळी सहानंतर प्रयोगशाळेत थांबू दिलं नाही. दिवसा स्पेक्ट्रोमीटर आम्हा मुलांकडे असायचा. तिला रीडिंग घ्यायला मिळालीच नाहीत. दीड वर्षाने ती सोडून गेली. मी गप्प राहिलो. माझा प्रबंध गाइडच्या सहीवर अडकला होता, पाठची दोन भावंडं शिकत होती. तोंड उघडणं काय होतं ते आज तुला नाही कळायचं. पण गाइड निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या गौरवग्रंथात मी चार पानं लिहिली, त्यातही ती नाही. तेव्हा तर माझी नोकरी कायम झालेली होती. सहीबिही कुणाची नको होती.

काळा घोड्याजवळच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सवरून तुझी बस रोज जाते. कमलाबाई पुढे तिथल्याच संचालक झाल्या. भाषणाची सुरुवात तिथून कर, बंगळूरहून नको.

रविवारी मसुदा घेऊन घरी ये. गौरवग्रंथातली ती चार पानं मीही काढून ठेवली आहेत.

तुझा,
सर