वूफर दबलेला वाजतोय, म्हणून 42,000 चा नवा ॲम्प घ्यावा का?

प्रश्न: कुपवाड एमआयडीसीत नोकरी करतो, राहायला सांगलीच्या विश्रामबागेत. हातात 46,000 पगार येतो. गाडीचा 9,800 चा हप्ता अजून 14 महिने आहे. अडीअडचणीसाठी 60,000 ची एफडी ठेवली आहे. गाडीत 12 इंची सबवूफर आहे (500 वॉट आरएमएस, म्हणजे सलग पेलणारी ताकद, 4 ओहमच्या दोन कॉइल) आणि मोनो ॲम्प्लिफायर (ॲम्प) आहे (4 ओहमला 300 वॉट, 2 ओहमला 500). पण बेस पहिल्यापासून दबलेलाच. दुकानदार म्हणतो, ॲम्प कमी पडतोय, '1500 वॉट'वाला घ्या. कपॅसिटरसकट (वीज क्षणभर साठवणारा भाग) 42,000, म्हणजे 3,850 चे 12 हप्ते आणि 999 फाइल चार्ज. मी 2,000 बुकिंगला दिलेत. घरचे म्हणतात, एफडी मोड पण हप्ता नको. नव्या ॲम्पचं माहितीपत्रक आणि आत्ताच्या जोडणीचे फोटो पाठवतोय. काय करू?

उत्तर: एफडीही मोडू नका आणि हप्ताही घेऊ नका. पैसे नाहीत म्हणून हे सांगत नाही. 46,000 पगारात 3,850 ओढाताण करून निघतील, आणि शौकावर खर्च करणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. अडचण अशी की तुम्ही जे विकत घ्यायला निघालात ते तुमच्या वूफरपर्यंत पोचणारच नाही. आणि जे आधीच विकत घेतलंत तेही अजून पोचलेलं नाही.

तुमचे फोटो मोठे करून पाहिले. वूफरच्या दोन्ही कॉइल सिरीजमध्ये जोडलेल्या दिसतात, म्हणजे एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला. ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा; 4 अधिक 4, असे 8 ओहम झाले. ॲम्प ठरावीक व्होल्टेज देतो. समोरचा ओहम दुप्पट झाला की करंट निम्मा होतो आणि वॉटही साधारण निम्मे होतात. 4 ओहमला 300 देणारा तुमचा ॲम्प 8 ओहमला 150 च्या आसपासच देत असणार. पैसे 500 वॉटचे मोजलेत, वाजतायत 150. त्याच दोन कॉइल पॅरललमध्ये घेतल्या, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, तर 2 ओहम होतात आणि ॲम्प त्याच्या पूर्ण ताकदीवर येतो. याला लागतात वायरचे दोन तुकडे आणि पाच मिनिटं.

आता नव्या ॲम्पचं पत्रक बघा. खोक्यावर 1500 लिहिलंय तो कमाल आकडा. आतल्या तक्त्यात 1 ओहमला 1,000, 2 ओहमला 600 आणि 4 ओहमला 350 वॉट आहेत. तुमच्या वूफरच्या कॉइल कशाही फिरवल्या तरी 8 होतील किंवा 2. 1 ओहम होतच नाही. त्यामुळे ते 1,000 वॉट तुमच्या गाडीत कधीच निघणार नाहीत, निघाले तर 600. 500 चे 600 म्हणजे एक डेसिबलही वाढत नाही. गाडीच्या, रस्त्याच्या आवाजात तो फरक कानाला कळायचा नाही. शिवाय दुकानदाराने जोडणी न बदलता ॲम्प तेवढा बदलला, तर 150 च्या जागी 175 वॉट मिळतील. तेव्हा तुम्हीच म्हणाल की वूफर खराब आहे, आणि तिसरं बिल तयार होईल. उलट नुसती जोडणी बदलून 150 वरून 500 वर गेलात तर सुमारे 5 डेसिबल वाढतात, ते बसल्या जागी जाणवतात. 5 डेसिबल फुकट आणि एकाहून कमी डेसिबल 42,000 ला. तुमच्या प्रश्नाचा माझा हिशोब एवढ्यावरच सुटतो.

हप्त्याचंही सांगतो, कारण दुकानात तो 'दहा टक्के' म्हणून सांगितला असणार. 3,850 गुणिले 12 म्हणजे 46,200, जास्तीचे 4,200, म्हणून दहा टक्के. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं आणि व्याज मात्र पूर्ण 42,000 वर वर्षभर धरलेलं असतं. घटत्या शिल्लकीवर हाच दर 18 टक्के पडतो. 999 सुरुवातीलाच गेले ते धरले तर 22 च्या पुढे. घरचे एफडी मोडायला सांगतात ते व्याजाच्या गणितात बरोबरच आहे, मुदतीआधी मोडल्याचा दंड यापेक्षा कितीतरी स्वस्त. पण 60,000 म्हणजे तुमचा सव्वा महिन्याचा पगार. त्यातले 42,000 गेल्यावर 18,000 उरतात, आणि त्याच महिन्यात गाडीचा क्लच गेला तर? ती ठेव उलट वाढवायची आहे.

मग खर्च करायचाच नाही का? करा, 5,000 पर्यंत. साधा मल्टिमीटर काही शेकड्यांत येतो, तो आधी घ्या. बॅटरीचा मायनस काढा, वूफरच्या वायरी ॲम्पमधून सोडवा आणि ओहमवर मोजा. 6 ते 8 दाखवलं तर माझा अंदाज खरा. पॅरलल केल्यावर तेच दोनच्या थोडं खाली दाखवेल. एखाद्या कॉइलची उलटी जोडणी करू नका, दोघी एकमेकींना मारतात आणि बेस जवळपास नाहीसा होतो.

त्यानंतर वायर. 500 वॉटला साधारण 45 अँपिअर ओढले जातात. बाजारात '4 गेज' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त सेटमध्ये पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं, वरचं रबर जाड आणि आतली तार बारीक. इंजिन चालू ठेवून, गाणं मोठ्याने लावून ॲम्पच्या टर्मिनलवर व्होल्ट बघा. बॅटरीवर साडेतेरा-चौदा आणि ॲम्पवर बाराच्या खाली असेल तर मधली वायर किंवा अर्थिंग खातंय. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट आवळायचा. हे काम बरेच फिटर टाळतात. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, तो ॲम्पसाठी नसून गाडी पेटू नये म्हणून असतो. कपॅसिटर यादीतून काढून टाका. तो वीज तयार करत नाही. ते काम अल्टरनेटरचं, आणि छोट्या गाडीचा अल्टरनेटर 1,000 वॉटच्या ॲम्पला तसाही पुरा पडत नाही.

शेवटी गेन. येणारा सिग्नल ॲम्पने किती वाढवायचा, ते ठरवणारा हा खटका. आवाजाचं बटण समजून लोक तो शेवटापर्यंत पिळतात आणि कॉइल जाळून बसतात. वूफर सोडवून, बेस बूस्ट शून्यावर ठेवून 50 हर्ट्झचा टोन लावा. ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट 31 च्या आसपास येईपर्यंत गेन वाढवा आणि थांबा. 500 वॉट गुणिले 2 ओहम म्हणजे 1,000, त्याचं वर्गमूळ 31.6 येतं, म्हणून हा आकडा.

एवढं करूनही मन भरलं नाही तर पुढचा संशय ॲम्पवर घेण्याआधी वूफर ज्यात बसवलाय त्या खोक्यावर घ्या. मिरज शेजारी आहे, सतारमेकर गल्लीत कुणालाही विचारा, तारा त्याच ठेवून भोपळा बदलला तर काय होतं. वूफरच्या मापाचं, सांधे घट्ट असलेलं खोकं सुतार करून देतो.

14 महिन्यांनी गाडी मोकळी झाली की पुन्हा बोलू. तोवर महिन्याला 2,000 रिकरिंगला टाका, व्याज न धरता 28,000 होतात. तेव्हाही नवा ॲम्प हवासा वाटला तर रोखीने घ्या. सोबत 1 ओहमला जोडता येईल असा, तेवढे वॉट पेलणारा वूफरही घ्यावा लागेल, तो खर्च धरून ठेवा. नाहीतर हेच दुखणं परत.

विम्याचं बहुतेकांच्या लक्षात नसतं. मागाहून बसवलेली साउंड सिस्टीम पॉलिसीत वेगळी नोंदवली नसेल तर ती गेल्यावर दमडी मिळत नाही. नोंदवायला साधारण किमतीच्या 4 टक्के जादा प्रीमियम पडतो. 25,000 च्या सामानाला वर्षाचे हजार. 2019 आणि 2021 ला कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते सांगलीकराला सांगायला नको, आणि डिकीच्या तळाला बसवलेला ॲम्प सगळ्यात आधी बुडतो. पुढच्या रिन्यूअलला बिलं जोडून नोंद करून घ्या.

राहिले बुकिंगचे 2,000. परत मागून बघा. देत नसेल तर त्याच रकमेत वायर आणि फ्यूज घ्या, आणि पावतीवर 'शुद्ध तांब्याची, 4 गेज' असं लिहून घ्या. तो लिहून द्यायला कां-कू करू लागला तर वायर दुसरीकडून घ्या.