लॉरेन्सला ढोंगी करू नकोस

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधला फ्रायर, म्हणजे कॅथलिक पंथाचा भिक्षू, लॉरेन्स तुझ्या वाट्याला आला, याचा फार आनंद झाला. पण तो ‘धर्माच्या ढोंगाचं प्रतीक’ म्हणून उभा करायचा असं तुमच्या तालमीत ठरलंय, हे वाचून राहवेना. दिग्दर्शकाशी भांड, पण हे होऊ देऊ नकोस.

ढोंगी धर्मगुरू रंगवणं त्या काळच्या लंडनमध्ये सगळ्यात सोपं होतं. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ मोडीत काढले होते, देश प्रोटेस्टंट झाला होता. शेक्सपिअरचा समकालीन नाटककार मार्लो, त्याचा फाउस्टस सैतानाच्या दूताला फ्रायरचाच वेश घेऊन यायला सांगतो. नाटककार वेबस्टरच्या ‘द डचेस ऑफ माल्फी’तला कार्डिनल, म्हणजे वरिष्ठ कॅथलिक धर्मगुरू, आपल्या प्रेयसीला धर्मग्रंथाचं चुंबन घेऊन शपथ घ्यायला लावतो, आणि त्या ग्रंथाला विष फासलेलं असतं! शेक्सपिअरने ज्यावरून कथा उचलली त्या आर्थर ब्रुकच्या १५६२च्या काव्याच्या प्रस्तावनेतही फ्रायरांना शिव्याच आहेत. टाळ्यांची वाट समोर असताना शेक्सपिअर तिकडे वळला नाही. का, हे तुला अभिनयातून शोधायचंय.

लॉरेन्स भला माणूस आहे. पहाटे टोपली घेऊन वनस्पती गोळा करतो, एकाच फुलात विष आणि औषध दोन्ही असतं हे त्याला ठाऊक आहे. दोन पोरांचं लग्न गुपचूप लावतो, तेही दोन घराण्यांचं वैर मिटेल या आशेने. मात्र दोन्ही घरांत त्याच्या शब्दाला मान असूनही तो एकाही बापाकडे जाऊन उघडपणे बोलत नाही. धर्माने दिलेला अधिकार तो चांगल्या हेतूने, पण लपवून वापरतो. शोकांतिका इथे मूळ धरते.

चौथ्या अंकातला पाचवा प्रवेश पुन्हा पुन्हा वाच. ज्युलिएट मेली असं समजून घर आक्रोश करतंय. तिला बेचाळीस तास निपचित ठेवणारं औषध ज्याने दिलं, तोच मध्ये उभा राहून सांगतो की मुलगी स्वर्गात गेली, रडता कशाला! वर हेही ऐकवतो की तुमच्या कुठल्यातरी पापामुळे आकाश कोपलंय. नट इथे प्रेक्षकांकडे बघून सूचक हसतात. तू तसं करू नकोस. ते सांत्वन मनापासून कर. मरणाच्या घरी हे शब्द त्याने आयुष्यभर खऱ्या श्रद्धेने उच्चारले असणार. आज तेच शब्द खोटं झाकायला कामी येतात, आणि त्याची जीभ जराही अडखळत नाही. मला तरी या नाटकातली ही सगळ्यात भयंकर जागा वाटते.

पुढे रोमिओला हा बेत कळवणारं लॉरेन्सचं पत्र घेऊन निघालेल्या फ्रायर जॉनला रोगाच्या संशयावरून एका घरात कोंडतात, आणि पत्र मँटुआला, जिथे रोमिओ हद्दपारीत आहे, पोचत नाही. थडग्यात ज्युलिएट जागी होते तेव्हा लॉरेन्स म्हणतो, आपल्याहून मोठ्या शक्तीने आपला बेत उधळला. बेत त्याचा, खापर देवावर! लगेच तिला जोगिणींच्या मठात ठेवायची तयारी दाखवतो. बाहेर पहारेकऱ्यांची चाहूल लागते, आणि तिला तिथेच सोडून पळतो. ही भीती धर्मगुरूची म्हणून दाखवू नकोस. म्हाताऱ्या, घाबरलेल्या माणसाची म्हणून दाखव.

‘हॅम्लेट’ही काढून बघ, आगरकरांनी १८८३मध्ये केलेलं त्याचं मराठी रूप ‘विकारविलसित’ मिळालं तर तेही. ऑफिलियाच्या दफनाला आलेला पुरोहित नियमाला चिकटून बसतो, पूर्ण विधी नाकारतो आणि तिच्या भावाचे शाप घेतो. लॉरेन्स दयेपोटी नियम वाकवतो. शेक्सपिअरने दोघांनाही हिशेबातून सोडलेलं नाही.

शेवटचा कबुलीजबाब सुमारे ४० ओळींचा आहे. अनेक प्रयोगांत तो छाटतात, कारण प्रेक्षकांना सगळं आधीच माहीत असतं. तुमच्याकडेही कात्री चालेलच. फ्रायर जॉनची हकीकत गेली तर जाऊ दे. पण आवाजाने घाबरून आपण थडग्यातून निघून गेलो, आणि यात माझा दोष असेल तर या म्हाताऱ्या जिवाला कायद्याने शिक्षा द्या, हे दोन भाग हट्टाने राखून ठेव. व्हेरोनाचा अधिपती, प्रिन्स, त्याला पुण्यवान म्हणून सोडून देतो. तेव्हा हायसं वाटल्याचा चेहरा करू नकोस.

तुझा,
जुना मास्तर