रेषेचे प्रश्न : माणूस कागदावर उभा कसा राहतो?

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये मानवाकृतीचेच प्रश्न सर्वाधिक आहेत. प्रवासातल्या स्केचिंगबद्दल विचारणाऱ्यांचीही खरी अडचण माणसं काढण्याचीच दिसते. म्हणून या अंकात तेवढाच विषय घेतला आहे.

प्रश्न : दोन वर्षं रोज तासभर फोनवरचे फोटो समोर ठेवून माणसं काढतो. डोळे, नाक, बोटं बरी जमतात, पण अख्खा माणूस कापडाच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा ताठ दिसतो. कुठे चुकतंय? (एक वाचक, पुणे)

तुम्ही बहुधा डोक्यापासून सुरुवात करून बाह्यरेषेने खाली येत आहात. त्या पद्धतीत प्रत्येक अवयव सुटा सुटा बरोबर येतो, पण अंगाचं वजन कुठे पडलं आहे हे कागदावर कधी येतच नाही. ताठरपणा येतो तो इथून. आधी भार, मग बाह्यरेषा, असा क्रम ठेवा.

उभा माणूस पाहताना पहिला प्रश्न विचारायचा : भाराचा पाय कोणता? तो सापडला की बाकीचं बरंच काही आपोआप सापडतं. त्या बाजूचा खुबा वर जातो आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. या दोन तिरक्या रेषा एकमेकींच्या उलट असतात, त्यांच्या मधला कणा बाक घेतो. आता गळ्याखालच्या खाचेतून ओळंबा सोडल्याची कल्पना करा. एका पायावर भार असेल तर तो त्या पायाच्या घोट्याजवळ उतरतो, दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर पावलांच्या मध्ये. तुमच्या चित्रात ओळंबा पावलाच्या बाहेर पडत असेल, तर माणूस कशाला तरी टेकलेला असला पाहिजे किंवा चालत असला पाहिजे. तसं नसेल तर तो पडतोय, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी ते जाणवतं.

सरावासाठी पंचेचाळीस मिनिटं अशी वाटा : ३० सेकंदांच्या १० आकृत्या, १ मिनिटाच्या १०, २ मिनिटांच्या ५ आणि शेवटी १० मिनिटांच्या २. तीस सेकंदांत फक्त चार गोष्टी : डोक्याचा कल, कण्याचा बाक, खांदे-खुब्यांच्या दोन तिरक्या रेषा, भाराचा पाय. चेहरा नाही, बोटं नाहीत. वेळ संपली की हात थांबलाच पाहिजे. दहा-पंधरा सेकंद वाढवून घेण्याची सवय लागली की या सरावातला अर्थच जातो.

पेन्सिल लिहिताना धरतो तशी धरली तर फक्त बोटं हलतात आणि रेषा तुटक येते. चारकोलची कांडी तळहाताखाली आडवी धरा आणि खांद्यापासून हात फिरवा. त्यासाठी कागद मोठा हवा, निदान ए-३, शक्यतो ए-२. झटपट आकृत्यांना न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा कोरा कागद, पुरतो. तो पुढे पिवळा पडतो, पण ही पानं जपून ठेवायची नसतातच.

फोटोंबद्दल : फोनची लेन्स रुंद कोनाची असते. दोन-तीन फुटांवरून छातीच्या उंचीवर फोन धरला की डोकं मोठं आणि पावलं चिमुकली येतात. तेच माप तुम्ही इमानदारीने कागदावर उतरवत आहात. आठवड्यातले निदान तीन दिवस जिवंत माणूस समोर ठेवा.

प्रश्न : उभी आकृती काढताना डोकं हमखास मोठं होतं आणि पावलांना कागद उरत नाही. (वाचक, नाशिक)

यामागे दोन कारणं असू शकतात. पहिलं म्हणजे कागद टेबलावर सपाट ठेवून काढणं. तसं बसलं की कागदाचा वरचा भाग डोळ्यांपासून दूर आणि दबलेला दिसतो. ते भरून काढायला आपला हात नकळत वरचे आकार वाढवतो. बोर्ड मांडीवर ठेवून समोरच्या खुर्चीच्या पाठीला टेकवा, म्हणजे नजर कागदावर जवळपास काटकोनात पडेल.

दुसरं कारण, मोजमाप उशिरा करणं. पहिल्या मिनिटात डोक्याचा माथा आणि टाचेची जागा अशा दोन खुणा करा, मग त्यांचा मध्य काढा. उभ्या प्रौढ माणसाचा मध्य ओटीपोटाच्या खाली, मांड्या जिथे सुरू होतात तिथे येतो. बहुतेकांना तो कमरेवर वाटतो आणि म्हणून पाय आखूड पडतात. उंची साधारण साडेसात डोकी, म्हणजे डोक्याच्या उंचीच्या साडेसात पट धरा. आठ डोक्यांचं माप भव्य, आदर्श देहासाठी वापरलं जातं. रस्त्यावरच्या माणसाला ते लावलं की तो जाहिरातीतला दिसतो. पाच-सहा वर्षांचं मूल साडेपाच डोक्यांच्या आसपास.

पेन्सिल समोर धरून तिच्यावर माप घेताना एक डोळा बंद, कोपर पूर्ण ताठ. कोपर जरासं वाकलं तरी प्रत्येक वेळी वेगळं माप येतं. आणि मॉडेलपासून निदान बारा-पंधरा फूट लांब बसा. जवळून पाहिलं तर चेहऱ्यासाठी मान वर आणि पावलांसाठी खाली करावी लागते. मग एकाच चित्रात दोन वेगळ्या नजरा येतात.

प्रश्न : तालुक्याच्या गावी राहते. इथे मॉडेल मिळत नाही, कलामहाविद्यालय नाही. घरात आणि बाजारात माणसं दिसतात ती बसलेलीच. शरीररचनेच्या पुस्तकांत अशा बैठका सापडत नाहीत. (वाचक, जि. सांगली)

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि ते फार मोलाचं आहे. आपल्याकडे मिळणारी बहुतेक पुस्तकं परदेशी आहेत. त्यांत माणूस उभा असतो, नाहीतर खुर्चीवर. मांडी घालणं, उकिडवं बसणं, एक गुडघा उभा करून भाजी निवडणं, या बैठका आपल्यालाच शिकाव्या लागतात, आणि त्यांचे जाणकार तुमच्या घरातच आहेत.

मांडी घातलेल्या माणसाची जमिनीपासून उंची सुमारे चार डोकी असते. समोरून पाहताना मांड्या आपल्याकडे येतात म्हणून फार आखूड दिसतात. इथे मन फसवतं. मांडी लांब असते हे आपल्याला माहीत असतं, म्हणून ती लांब काढली जाते आणि माणूस बेडकासारखा पसरतो. उपाय असा : आधी दोन गुडघ्यांमधलं अंतर डोक्याच्या मापात मोजा. मग हात आणि धड यांच्या मधली मोकळी जागा, गुडघा आणि जमीन यांच्या मधली फट, हे रिकामे आकार काढा. रिकाम्या जागेबद्दल मनाचे पूर्वग्रह नसतात, त्यामुळे तिचा आकार बरोबर उतरतो.

उकिडवी बैठक भाराच्या दृष्टीने सर्वांत शिकवणारी. पावलं पूर्ण टेकलेली, बैठक (म्हणजे बूड) टाचांच्या मागे आणि जमिनीपासून थोडी वर, गुडघे काखांच्या जवळ. बैठक टाचांच्या मागे गेली की धड आणि हात पुढे यावेच लागतात, नाहीतर माणूस मागे कलंडेल. म्हणून आधी पावलांची रेषा, मग गुडघ्यांचे दोन बिंदू, मग बैठकीचा बिंदू असा त्रिकोण मांडा. डोकं आणि खांदे शेवटी. चेहऱ्यापासून सुरुवात केलीत तर पावलं कुठे ठेवायची हे कधीच कळणार नाही.

आता कपडे, कारण या बैठकांमध्ये शरीर साडीतूनच वाचायचं असतं. चुण्या तीन प्रकारच्या बघा. ताणाच्या चुण्या एका टोकापासून किरणांसारख्या निघतात : नऊवारीत मागे खोचलेल्या कासोट्यापासून, खांद्यावरच्या पदरापासून. दोन टोकांवर लटकलेलं कापड झोळीसारखं खाली येतं : सहावारी नेसून बसलेल्या बाईच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये हेच दिसतं. आणि सांध्याच्या आतल्या बाजूला, कोपराच्या वळणात, गुडघ्याच्या मागे, कापड दबून नागमोडी होतं. नऊवारीत प्रत्येक पाय वेगळा गुंडाळलेला असल्यामुळे मांडीची गोलाई स्पष्ट कळते, तिथे झोळी काढली तर चुकेल. कापड काढण्याआधी गुडघे आणि खुबे हलक्या रेषेने जागेवर ठेवा. प्रत्येक चुणी कुठून सुटते ते सांगता आलं नाही तर ती काढू नका. दहा निरर्थक चुण्यांपेक्षा तीन खऱ्या पुरेशा असतात.

बाजारात आणि एसटी स्टँडवर एका पानावर चार-पाच आकृत्या एकदम सुरू करा. माणूस हलला की ती सोडून दुसरी. भाजीवाली तागडी उचलते, खाली ठेवते, पुन्हा उचलते. काम करणारी माणसं त्याच स्थितीत परत परत येतात, तेव्हा अर्धी आकृती पुढे नेता येते. कोणी पाहिलंच तर वही दाखवा. कोणी नको म्हटलं तर तिथेच थांबा. दूध, औषधं, रडणारं मूल अशा घाईत असलेल्यांना निवडू नका. आणि हात-पावलांसाठी आरशासमोर आपलेच हात-पाय पुरतात.

प्रश्न : मुलगी एलिमेंटरी परीक्षेला बसणार आहे. स्मरणचित्रासाठी तिने मार्गदर्शकातल्या तीन-चार आकृत्या पाठ केल्या आहेत. हे बरोबर आहे का? (पालक, लातूर)

पाठ केलेल्या आकृत्या प्रत्येक विषयात तशाच उभ्या राहतात, मग विषय पाणवठ्याचा असो की जत्रेचा. स्मरण माणसांचं असावं, पुस्तकाचं नको. रोज एकदा असं करा : खिडकीतून एका माणसाकडे पंधरा सेकंद पाहायचं, पाठ फिरवायची, एका मिनिटात काढायचं, पुन्हा पाहून फक्त एक चूक दुरुस्त करायची.

गर्दीसाठी एक नियम तिला नक्की शिकवा, कारण तो कळला की चित्र एकदम सुधारतं. सपाट जमिनीवर आपण उभे असलो तर आपल्याएवढ्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे क्षितिजरेषेवर येतात, जवळचे असोत की लांबचे. लांबच्यांची पावलं तेवढी वर सरकतात. आपण खुर्चीत बसलेले असू तर हीच रेषा सगळ्यांच्या छातीतून जाते. लहान मुलं रेषेच्या खाली. मुलं सहसा लांबची माणसं नुसती लहान करून त्याच पावलांच्या ओळीवर ठेवतात, आणि बाजारात बुटके फिरताना दिसतात.

प्रश्न : दोन दिवस अजिंठा-वेरूळला जात आहोत. काय न्यावं, काय काढावं? (वाचक, ठाणे)

आधी वार बघा : अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. सोबत १५०-१६० जीएसएमच्या (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाच्या) जाड कागदाची ए-५ वही, २बी आणि ६बी पेन्सिल, जलरोधक शाईचं ०.३ चं पेन, सहा रंगांची छोटी डबी, पाणी भरता येणारा ब्रश आणि दोन क्लिपा. यापेक्षा जास्त नेलं तर ते पाठीवरच राहतं. तिपाई किंवा इझल उभं करायचं असेल तर पुरातत्त्व खात्याला आधी विचारावं लागतं, हातातली वही बरी.

अजिंठ्याला चित्रांसाठी १, २, १६ आणि १७ ही लेणी. आत उजेड फार कमी आणि फ्लॅशला मनाई, म्हणून रंग तिथे लावू नका. मंद उजेडात गेरू आणि तपकिरी एकसारखे दिसतात. शब्दांत टिपणं करा, रंग बाहेर येऊन लावा. आत गेल्यावर डोळे सरावायला चार-पाच मिनिटं द्या. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा चेहरा सगळे उतरवू पाहतात. मी म्हणेन, त्याआधी त्याचा त्रिभंग काढा : डोकं, धड आणि कंबर यांचे तीन वेगळे कल, फक्त तीन रेषांमध्ये. पुण्याच्या वाचकाला वर सांगितलेलं भाराचं गणित दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराला किती मुरलेलं होतं ते हात फिरवल्यावर कळतं. नुसतं बघून तितकं कळत नाही.

२६व्या लेण्यात सुमारे सात मीटर लांबीचं बुद्धाचं महापरिनिर्वाण आहे. समोरून एकदा काढलंत की पावलांच्या टोकाला जाऊन उभे राहा आणि तिथून काढा. आपल्याकडे येणाऱ्या आकारांचं आखडणं शिकायला, न हलणारं आणि न कंटाळणारं इतकं मोठं मॉडेल दुसरीकडे मिळणार नाही. पावलं मोठी आणि चेहरा छोटा, हे कागदावर येऊ द्यायला धैर्य लागतं, कारण मन सारखं विरोध करत राहतं.

वेरूळला १६वं कैलास लेणं उघड्यावर आहे, म्हणून छायाप्रकाशासाठी तेच घ्या. सावल्या सरकत असतात. पहिल्या पाच मिनिटांत सावलीची कड आखून टाका आणि पुढे ऊन फिरलं तरी ती बदलू नका. अर्ध्या वाटेत सावली बदलली की शिल्पाचा घाट तुटतो. कैलास हलवणाऱ्या रावणाच्या शिल्पात त्याची पाठ आणि हात वजन कसं पेलतात ते बघा. दिवसात पंचवीस-तीस छोटी स्केच आणि एक-दोन तासाभराची चित्रं, एवढं पुरे.

प्रश्न : पावसाळ्यात कागद मऊ पडतो, चारकोल पसरतो. (वाचक, रत्नागिरी)

ओल धरलेल्या कागदावर पेन्सिल घसरते आणि जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ थर, वाळत नाही, त्यामुळे दुसरा थर पहिल्याला उचकटतो. जुलै-ऑगस्टमध्ये पेन आणि शाई, किंवा मेणाचे खडू वापरा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि लागेल तेवढाच बाहेर काढा. चारकोलवर फिक्सेटिव्ह (तो पक्का धरून ठेवणारा फवारा) मारायचं असेल तर कोरडा दिवस बघा, दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते. फुटभर अंतरावरून दोन-तीन हलके हात द्या, प्रत्येक हात वाळू देऊन. एकदम भिजवलं तर काळे थेंब ओघळतात. केसांचा स्प्रे वापरू नका, तो पुढे पिवळा पडतो. ठेवताना दोन चित्रांमध्ये बटर पेपर घालून गठ्ठा आडवा ठेवा, गुंडाळी केली की घासून निम्मा चारकोल निघून जातो.