गोळीने किडन्या जातील का?

"ताई, गोळी मी बंद केलीय. आयुष्यभर घेतली तर किडन्या जातात म्हणे."

मणक्याला मार बसलेली माणसं लघवीची गळती थांबवणाऱ्या गोळीबद्दल ही भीती हमखास बोलून दाखवतात. हा 26 वर्षांचा गवंडी होता. परांचीवरून पडला, कमरेखालची ताकद आणि लघवीवरचा ताबा गेला, त्याला दीड वर्ष झालेलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

दिवसातून पाच वेळा तो नळी घालून लघवी काढायचा. ऑक्सिब्युटिनिनची गोळी चालू होती तोवर मधल्या वेळात कोरडा राहायचा. पण तोंडाला कोरड पडायची, संडासला खडा व्हायचा. त्यात शेजाऱ्याने किडनीची भीती घातली आणि गोळी सुटली. पँट ओली व्हायला लागली तसं त्याने पाणीच तोडलं. बहिणीच्या साखरपुड्याला आतल्या खोलीत बसून राहिला. हे सगळं बायको सांगत होती. तो मान खाली घालून व्हीलचेअरवर अंथरलेल्या टॉवेलची कड मुडपत होता.

गोळीचा विषय मी लगेच काढला नाही, आधी वही मागितली. नळीने काढलेली लघवी मापाच्या मगात मोजून लिहायची सवय वॉर्डातल्या सिस्टरांनी बायकोला लावली होती. गोळी होती तेव्हा आकडे 350, 400 मिली. नंतर 150, 120, आणि शेजारी ‘ओलं’, ‘ओलं’, ‘ओलं’.

ते पान समोर ठेवूनच बोलले. मज्जारज्जूला इजा झाली की मेंदूचा लगाम सुटतो. लघवीची पिशवी थोडी भरली तरी आपोआप आवळते, आणि पुष्कळदा त्याच वेळी खालचं तोंडही घट्ट मिटतं. आत दाब वाढतो. तो वरचेवर 40 सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबापेक्षा वर जात राहिला तर किडन्यांना धोका असतो. गळती दिसते, दाब दिसत नाही. "तुझी गोळी पिशवीला सैल ठेवते, दाब उतरवते. किडन्या वाचाव्यात म्हणूनच दिलीय ती."

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "हे मला कुणी सांगितलंच नाही."

याचं मला फार वाईट वाटतं. चिठ्ठीवर ‘दिवसातून तीनदा’ असतं, कशासाठी ते कुणी बोलत नाही.

त्याचा त्रास मात्र खोटा नव्हता. तो सोसत बसायचा नाही आणि परस्पर गोळीही सोडायची नाही, डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, असं ठरलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि पिशवीतला दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी करून दिवसातून एकदा घ्यायची, त्याच कामाची सॉलिफेनासिनची गोळी दिली. मिराबेग्रॉन नावाच्या आणखी एका गोळीने तोंड फारसं कोरडं पडत नाही, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. गोळ्यांनी भागलं नाही तर दुर्बिणीतून पिशवीच्या स्नायूत बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं देतात. काही महिन्यांनी ती पुन्हा घ्यावी लागतात. कुणाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. मी एकच गोष्ट दोघांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतली: गोळी चालू झाली तरी नळी सोडायची नाही. सैल पडलेली पिशवी आपली आपण रिकामी होत नाही.

दोन महिन्यांनी दोघं आले. तोंड अजून थोडं कोरडं पडतं म्हणाला, पोटासाठी इसबगोल चालू होतं. बायकोने वहीत पाण्याचा नवा रकाना आखला होता आणि तो सकाळपासून भरलेला होता.