चार आकडी एएसएन विकत घ्यावा का?

आमचा एएसएन, म्हणजे इंटरनेटवर आमच्या नेटवर्कचा ओळख क्रमांक, सहा आकडी आहे. दलाल चार आकडी देतो म्हणतो. नेटचा वेग वाढेल?

अजिबात नाही. बीजीपी (नेटवर्कांमधल्या वाटा ठरवणारा प्रोटोकॉल) वाटेत नेटवर्कं किती लागली ते मोजतो, नंबरातले आकडे नाही. बीएसएनएलचा ९८२९, जिओचा ५५८३६. त्यावरून नंबर आधी वाटला गेला की नंतर, एवढंच कळतं.

मग एवढी मागणी का?

हौस मोठी, पण एक खरं कारणही आहे. जुन्या पद्धतीच्या कम्युनिटीत (वाटेवर लावायची खूण) एएसएनला १६ बिटांचीच जागा असते. ९८२९:१०० बसतं, सहा आकडी नंबर बसत नाही. २०१७ मध्ये लार्ज कम्युनिटीचं मानक आलं आणि ती अडचण सुटली. तुमचा अपस्ट्रीम (ज्याच्याकडून तुम्ही नेट घेता तो) लार्ज कम्युनिटी स्वीकारतो का, हे आधी विचारा. नाहीच म्हणाला, तरी ६४,४९५ पर्यंतचा पाच आकडी नंबर तेच काम करतो. चार आकड्यांसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

व्यवहार कसा होतो?

दलालाच्या कागदाला किंमत नाही. रजिस्ट्रीत (नंबर वाटणाऱ्या संस्थेत) नाव बदललं की नंबर तुमचा. विकणारा दुसऱ्या विभागातला असेल तर दोन्हीकडच्या रजिस्ट्रींची मंजुरी लागते. युरोपच्या राइप एनसीसी या रजिस्ट्रीत १६ बिटी नंबर मिळाल्यापासून २४ महिने पुढे देता येत नाही. आपल्याकडे आयआरआयएनएन (भारताची रजिस्ट्री) किंवा एपीनिककडे (आशिया-पॅसिफिकची) लेखी विचारणा करून मगच पैशांचं बोला, आणि नाव बदलेपर्यंत ते तिऱ्हाइताकडे ठेवा.

घेण्याआधी काय तपासावं?

नंबरासोबत त्याचा भूतकाळही येतो. राइपस्टॅट या राइपच्या साइटवर त्याने पूर्वी कोणते प्रिफिक्स (आयपी पत्त्यांचे गट) जाहीर केले ते पाहा. दुसऱ्यांचे पत्ते मध्येच दोन-चार दिवस दिसून गायब झाले असतील, तर त्याचं कारण विकणाऱ्याकडून लेखी घ्या. स्पॅमहाउसची बदनाम एएसएनची यादी पाहा. आरएडीबीतल्या (वाटांच्या नोंदींचा डेटाबेस) जुन्या रूट नोंदी आणि पीअरिंगडीबीवरचं (नेटवर्कांची डिरेक्टरी) जुनं पान विकणाऱ्याकडूनच काढून घ्या. जुन्या ग्राहकांच्या आरओएमध्ये (कोणते पत्ते कोणत्या नंबरावरून जाहीर करता येतात याचा सही केलेला दाखला) तो नंबर राहिला असेल, तर त्यांचे पत्ते तुमच्या नंबरावरून जाहीर झाले तरी वैध ठरतात. ही जोखीम त्यांची असली, तरी गडबड झाली की बोट तुमच्याकडेच दाखवलं जाईल.

घेतल्यावर लगेच बदलू?

नको. आधी तुमच्या प्रत्येक प्रिफिक्सला नव्या नंबराचा आरओए करा, जुना राहू द्या. मग राऊटरवर लोकल-एएसने (ठरावीक पीअरला वेगळा नंबर दाखवायची सोय) एकेक पीअर, म्हणजे जोडलेलं नेटवर्क, हलवा, रात्री, समोरचा इंजिनिअर फोनवर असताना. शेवटचं सेशन नव्या नंबरावर स्थिरावलं की मगच जुने आरओए काढा.